ताप नाही म्हणून गाफील राहू नका: कुत्र्या-मांजरांमधलं सेप्सिस कसं ओळखायचं

"मॅडम, दोन दिन व्हयनात, काही खाई नही राह्यनं, पण ताप नाहीये हो त्याला" असा फोन आला की मी पहिले दोनच प्रश्न विचारते, तो स्वतःहून उठून उभा राहतोय का आणि हिरड्यांचा रंग कसा आहे. तापाचं नंतर बघू. कारण आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबार साईडला कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत एक समज एकदम पक्का बसलाय की ताप असेल तरच इन्फेक्शन, आणि या समजापायी जनावर घरात एक-दोन दिवस जास्त पडून राहतं, आणि सेप्सिसमध्ये ते दोन दिवसच सगळं ठरवतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, घरच्यांसाठी पण आणि गावोगावी काम करणाऱ्या आपल्या नवीन पशुवैद्यक मित्रांसाठी पण, ज्यांचा दिवस गायी-म्हशींमध्ये जातो आणि रात्री अचानक कोणी कुत्रं घेऊन दारात येतं.

आधी नेमकं होतं काय ते. शरीरात कुठेतरी इन्फेक्शन झालं, गर्भाशयात पू झाला, आतडं फाटलं, जखम सडली, की शरीर तिथे लढायला पेशी आणि केमिकल सोडतं, ते बरोबरच आहे, त्याच जागेपुरतं राहिलं तर जनावर बरं होतं. पण कधी कधी ही सूज, हा लढा त्या जागेपुरता न राहता अंगभर पसरतो. अंगभरच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाझरायला लागतात. ठिबकचे सगळे व्हॉल्व एकदम उघडल्यावर शेवटच्या केळीपर्यंत प्रेशर पोचत नाही, मोटर तीच आणि पाणीही तेवढंच असतं तरी, तसं इथे होतं. हृदय जोरात पळतं पण किडनी, आतडं, लिव्हर, मेंदू यांना रक्त पुरत नाही. अंगभर पसरलेल्या या सुजेला डॉक्टर लोक सर्स म्हणतात, आणि त्याच्यामागे इन्फेक्शन असेल तर सेप्सिस. माणसांच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये व्याख्या बदलली आणि अवयव बिघडायला लागले असतील तरच सेप्सिस म्हणायचं ठरवलं, पण जनावरांमध्ये जुने सर्सचे निकष अजून वापरात आहेत आणि खेड्यातल्या दवाखान्यात मला तरी ते उपयोगी वाटतात, कारण त्यातल्या तीन गोष्टी थर्मामीटर आणि मोबाईलमधलं घड्याळ एवढ्यावर मोजता येतात.

कुत्र्यासाठी चार गोष्टी बघतात. तापमान ३८.१ सेल्सिअसच्या खाली किंवा ३९.२ च्या वर, म्हणजे फॅरनहाइटमध्ये साधारण १००.६ च्या खाली किंवा १०२.६ च्या वर. हृदयाचे ठोके मिनिटाला १२० च्या वर. श्वास मिनिटाला २० च्या वर. आणि पांढऱ्या पेशी ६,००० पेक्षा कमी किंवा १६,००० पेक्षा जास्त, किंवा कच्च्या पेशी ज्यांना बँड म्हणतात त्या ३ टक्क्यांच्या वर. चारपैकी दोन जमले की सर्स धरायचं. पुस्तकागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, त्यात अडकू नका. "खाली किंवा वर" हे मात्र नीट लक्षात ठेवा. ९९ फॅरनहाइटचं गळून पडलेलं कुत्रं हे १०४ च्या तापाने फणफणलेल्या कुत्र्यापेक्षा बऱ्याचदा जास्त धोक्यात असतं, आणि माणसाच्या हिशोबाने बघणाऱ्याला ९९ एकदम नॉर्मल वाटतं! कुत्र्या-मांजरांचं नॉर्मलच १००.५ ते १०२.५ असतं हे घरातल्या सगळ्यांना माहिती पाहिजे.

आता याची दुसरी बाजू. हे निकष आजारी जनावर सहसा सोडत नाहीत, पण निरोगी जनावरालाही पकडतात. मे महिन्यात भुसावळला ४५ च्या पुढे पारा असताना बाईकवर मांडीत बसून आलेलं कुठलंही कुत्रं धापा टाकणार, ठोके १४० जाणार, म्हणजे दोन निकष दारातच पूर्ण. म्हणून कुत्रं पडलेलं नसेल, शुद्धीत असेल आणि हिरड्या ठीक असतील तर त्याला कूलरसमोर दहा मिनिटं शांत बसू द्या आणि मग परत मोजा. घरी मोजायचं असेल तर झोपेत किंवा निवांत पडलेलं असताना श्वास मोजा, झोपेतला श्वास ३० च्या वर जात असेल तर ते धापा टाकणं म्हणून सोडून देऊ नका. पण कुत्रं आधीच आडवं झालं असेल तर ही दहा मिनिटं घालवायची नाहीत.

मोजायचं कसं. थर्मामीटर साधा डिजिटल, मेडिकलमध्ये मिळतो तोच, टोकाला थोडं व्हॅसलिन लावून गुदद्वारात एक-दीड इंच आत, भिंतीला टेकेल असा हलका तिरपा, बीप वाजेपर्यंत. काखेतलं किंवा कानाला हात लावून बघितलेलं तापमान धरू नका, आणि नाक ओलं-कोरडं याचा तापाशी काही संबंध नाही. ठोके मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेजवळ दोन बोटं हलकी ठेवून, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं, सापडत नसेल तर डाव्या कोपराच्या मागे छातीवर हात ठेवा. मोजताना नाडीचा जोर पण बघा, बोटावर धाडधाड आपटतेय का दोऱ्यासारखी बारीक लागतेय. मग पंजे हातात घ्या, पोटाच्या मानाने पंजे आणि कान गार आहेत का.

आणि हिरड्या. मला विचाराल तर सगळ्यात जास्त माहिती इथे आहे आणि फुकट आहे. वरचा ओठ उचला, सुळ्याच्या वरच्या हिरडीवर अंगठा दाबा, जागा पांढरी पडेल, सोडल्यावर परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघा. एक ते दोन सेकंद म्हणजे ठीक. दोनच्या पुढे म्हणजे रक्त पोचत नाहीये. आणि एक सेकंदाच्या आत, बोट उचलताक्षणी लाल, आणि रंग विटेसारखा भडक, तर तेही वाईट आहे, हे लोकांना पटत नाही कारण लाल म्हणजे भरपूर रक्त असं वाटतं. कुत्र्यातलं सेप्सिस बऱ्याचदा इथून सुरू होतं, लालभडक हिरड्या, जोरदार नाडी, अंग तापलेलं, कुत्रं सुस्त. ही वेळ सोन्याची आहे. नंतर तेच कुत्रं फिकं पडतं, पंजे गार, नाडी बारीक, तापमान उतरलेलं, आणि घरचे म्हणतात "ताप उतरला, आता बरं वाटतंय त्याला". आपल्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या खूपदा काळ्या असतात, तिथे काही दिसत नाही, मग खालची पापणी ओढून आतली बाजू बघा, किंवा मादी असेल तर योनीची आतली त्वचा.

यावलकडची एक पॉमेरियन आठवते, वय झालेलं, कधी पिल्लं नाही, कधी ऑपरेशन नाही. तक्रार एवढीच की पाणी खूप पिते आणि जेवत नाही. तापमान १०१, अगदी नॉर्मल. पण ठोके १६० च्या वर, हिरड्या गडद लाल आणि जरा चिकट, शेपटीखालचे केस ओले होऊन एकमेकांना चिकटलेले आणि ती ज्या टॉवेलवर होती त्याला एक गोडसर कुजका वास. महिन्याभरापूर्वी ती हीटवर येऊन गेलेली. पायोमेट्रा, गर्भाशयात पू. सोनोग्राफी केली, सलाईन आणि अँटीबायोटिक चालू करून त्याच दिवशी ऑपरेशन केलं, वाचली. तिचा सगळा निकाल तापावर ठेवला असता तर ती घरी परत गेली असती.

मांजराचं गणित वेगळं आहे आणि इथे कुत्र्याचे नियम लावले की फसगत होते. मांजर तो लालभडक टप्पा सहसा दाखवतच नाही. त्याचं सरळ अंग गार पडतं, हिरड्या फिक्या किंवा पिवळट होतात, प्रेशर उतरतं आणि हृदयाचे ठोके वाढायच्या ऐवजी कमी होतात. तापमान ३७.८ च्या खाली किंवा ३९.७ च्या वर, ठोके १४० च्या खाली किंवा २२५ च्या वर, श्वास ४० च्या वर, पांढऱ्या पेशी ५,००० च्या खाली किंवा १९,५०० च्या वर, आणि इथे चारपैकी तीन जमले की सर्स धरायचं. दवाखान्यात आणलेल्या घाबरलेल्या मांजराचे ठोके २०० च्या आसपास असायला पाहिजेत, ते १२० लागतायत आणि मांजर शांत पडलंय तर ते शहाणं मांजर नाही, ते मरणाच्या दारात आहे. केळीच्या खोक्यात टॉवेल टाकून आणतात ना लोकं, खोकं उघडलं तरी मांजर बाहेर बघत नाही, कोपरं बाहेर काढून छाती टेकवून बसलंय, पोटाने श्वास घेतंय, अशा मांजराला आधी ऑक्सिजन द्या, तपासणीसाठी उलटंपालटं करू नका. बोक्यांच्या मारामारीनंतर छातीत पू भरतो तेव्हा असंच दिसतं, आणि बाहेरची जखम तोवर भरून पण आलेली असते.

मग प्रश्न येतो की इन्फेक्शन कुठे आहे, हे शोधायलाच पाहिजे, कारण नुसत्या सलाईन-अँटीबायोटिकवर पू जात नाही. नसबंदी न झालेली मादी असेल आणि हीट होऊन एक-दोन महिने झाले असतील तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत पायोमेट्राच समजा, स्त्राव येत असेल तर सोपं, पण तोंड बंद असलेला पायोमेट्रा जास्त घातक कारण बाहेर काहीच दिसत नाही, पोट फक्त फुगतं. नुकतीच व्यायली असेल तर वार अडकली का आणि सडाला गाठ, काळपट रंग आहे का ते बघा. लस न झालेलं पिल्लू, उलट्या आणि रक्ताचे, घाण वासाचे जुलाब म्हणजे पार्वो हा व्हायरसचा आजार, यात पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, तळाला जातात, आणि आतड्याचं अस्तर गेल्यामुळे आतड्यातले जंतू थेट रक्तात शिरतात. पिल्लांची साखर पण झपाट्याने उतरते.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घराघरात आमरस होतो, कोया उकिरड्यावर किंवा अंगणात पडतात आणि कुत्री त्या चोखता चोखता गिळतात. कोय आतड्यात अडकते, कुत्रं दोन दिवस उलट्या करतं, मग एक दिवस उलट्या थांबतात आणि ते पोट आखडून, पाठ वाकवून उभं राहतं, काही जण पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर धरतात. अडकलेल्या जागी आतडं कुजून फाटलं की आतली घाण पोटात पसरते, याला सेप्टिक पेरिटोनायटिस म्हणतात आणि ऑपरेशनशिवाय त्याला इलाज नाही. मक्याच्या हंगामात हेच दाणे काढलेल्या कणसाच्या बुरकुंडाचं होतं आणि मटणाच्या पार्टीनंतर हाडांचं. उलट्या होणाऱ्या कुत्र्याने काय खाल्लं असेल हे विचारताना घरच्यांना "सणाचं काय होतं घरी" असं विचारा, लगेच आठवतं.

त्यानंतर जखमा. लांब केसांच्या कुत्र्याचा एकेक इंच हाताने चाचपा, केसांखाली चाव्याचं एक बारीक भोक दिसतं आणि आत पूर्ण कातडी सुटून पू साठलेला असतो. पावसाळ्यात शेपटीखाली, कानामागे किडे पडलेत का बघा. लघवी तुंबलेला बोका, सुजलेलं प्रोस्टेट, न्यूमोनिया, सडलेला दात, सगळं एका नजरेत घ्यायचं.

इन्फेक्शन नसतानाही अंगभर सूज येते हे विसरू नका. उष्माघात हे आपलं सगळ्यात मोठं उदाहरण. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली साखळीने बांधलेलं कुत्रं, किंवा पग, बुलडॉग असलं चपट्या नाकाचं, १०६ च्या वर तापमान, भडक हिरड्या, दारू प्यायल्यासारखी चाल. इथे आधी थंड करायचं आणि मग गाडीत घालायचं, साधं नळाचं पाणी अंगभर ओतून पंखा लावायचा, तापमान १०३ च्या आसपास आलं की थांबायचं, नाहीतर पुढे ते खूप खाली घसरतं. पण कुत्रं उठून बसलं म्हणून सोडू नका. उष्म्याने आतड्याचं अस्तर सैल पडतं आणि तिथून जंतू आत जातात, रक्त गोठण्याचं तंत्र बिघडतं, पोटावर लाल ठिपके, काळी शी, लघवी बंद, हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पण दिसू शकतं. तेलकट-चरबीचं खाऊन झालेला पॅनक्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाची सूज, गोचिडांमुळे होणारा बॅबेसिया, सर्पदंश, गाडीची मोठी धडक, यातही हेच चित्र दिसतं. घरच्यांनी यात निदान करत बसायची गरज नाही, दोन्हीकडे घाई तेवढीच.

दवाखान्यातल्या मित्रांसाठी थोडं. मोठी मशीन नसली तरी ग्लुकोमीटर प्रत्येकाकडे आहे, साखर ६० च्या खाली असेल तर आधी तीच दुरुस्त करा. माणसांचं ग्लुकोमीटर कुत्र्या-मांजरात खऱ्यापेक्षा थोडं कमी दाखवतं, तरी बेशुद्ध पिल्लात वाट बघू नका. पोटात पाणी लागलं तर सुईने थेंबभर काढा, त्याची साखर आणि रक्ताची साखर एकाच ग्लुकोमीटरवर बघा, पोटातली २० पेक्षा जास्त कमी असेल तर सेप्टिक पेरिटोनायटिसचा संशय एकदम बळावतो, आणि त्याच थेंबाची स्लाईड रंगवून पेशींच्या आत जंतू दिसले तर विषय संपला, सर्जन शोधा. सीबीसी माणसांच्या लॅबला दिला तर स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, डोळ्याने बघायला सांगा, मशीनला बँड पेशी कळत नाहीत आणि मांजराच्या प्लेटलेट्सचे गठ्ठे होऊन आकडा खोटाच कमी येतो. वरचं प्रेशर ९० च्या खाली किंवा रक्त पुरत नसलं की वाढणारं लॅक्टेट २.५ च्या वर असेल तर थांबायचं नाही.

सलाईन कुत्र्याला किलोला १० ते २० मिली पंधरा-वीस मिनिटांत, मग परत हिरड्या, नाडी, ठोके बघून पुढचा डोस. मांजराला किलोला ५ ते १०, जास्त घाई केली की फुप्फुसात पाणी भरतं. गार पडलेल्या मांजराला सलाईनसोबत हळूहळू ऊब द्या, आधीच हीटर लावला तर कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावून प्रेशर अजून पडतं. कल्चरचं, म्हणजे जंतू कोणते ते बघायचं सॅम्पल पटकन घेता येत असेल तर घ्या, पण त्यासाठी अँटीबायोटिक अडवू नका, पहिला डोस शिरेतूनच आणि पहिल्या तासातच. आणि हात जोडून सांगते, ताप दिसला की डेक्सा, म्हणजे स्टेरॉइडचं इंजेक्शन, मारायची सवय सोडा, दोन तास कुत्रं ताजंतवानं दिसतं आणि खरी अवस्था झाकली जाते.

घरच्यांनी काय करायचं नाही तेही सांगते. मांजराला पॅरासिटामॉल एक गोळी काय, पाव पण नाही, जीव जातो. कुत्र्याला ब्रुफेन, डायक्लोफेनॅक नाही, आधीच रक्त कमी मिळणारी किडनी आणि आतडं त्याने संपतात. गळून पडलेल्या जनावराच्या तोंडात सिरिंजने दूध, ग्लुकोजचं पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. मागच्या वेळचं उरलेलं अँटीबायोटिक चालू करून "उद्या बघू" म्हणू नका.

फोन करताना "बरं नाहीये" एवढंच सांगण्यापेक्षा हे सांगा: वय, वजन, नसबंदी झालीय का, शेवटची हीट कधी, लस झालीय का, तापमान, ठोके, श्वास, हिरड्यांचा रंग आणि किती सेकंदात परत येतो, शेवटची लघवी कधी. हिरड्यांचा फोटो आणि श्वास घेतानाचा छोटा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवा, फोटो ट्यूबलाईटखाली नको, खिडकीजवळच्या उजेडात. अर्ध्या तासाने परत मोजून परत पाठवा, कारण एका आकड्यापेक्षा आकडा कुठल्या दिशेने चाललाय ते डॉक्टरला जास्त उपयोगाचं. उठता येत नाही, हिरड्या पांढऱ्या किंवा विटकरी किंवा पिवळ्या, मांजर गार, श्वासाला त्रास, पोट दुखतंय आणि फुगलंय, यातलं एक जरी असलं तर मोजत पण बसू नका, निघा. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून निघायचं असेल तर निघायच्या आधी दवाखाना उघडा आहे का, सर्जन आहे का हे फोनवर विचारून घ्या, जवळच्या दवाखान्यात शिरेत सुई आणि पहिलं सलाईन-अँटीबायोटिक लावून मगच पुढे नाशिक किंवा संभाजीनगर गाठायचं. दिलेल्या औषधांची नावं आणि वेळ चिठ्ठीवर लिहून सोबत न्या. गाडीत मान सरळ राहील असं कुशीवर झोपवा, तोंडाला पट्टी बांधू नका, अंगावर पातळ चादर, आणि जी गोळी-औषधं घरात आधी दिली असतील त्यांची रिकामी पाकिटं पण घ्या, लपवू नका, त्यावरून कोणी रागावणार नाही.

बरं होऊन घरी आल्यावरही पहिले दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान, झोपेतला श्वास आणि हिरड्या वहीत लिहा, आणि लघवी किती वेळा झाली ते पण. खाणं परत सोडलं, टाक्यातून पाणी यायला लागलं किंवा तापमान १००.६ च्या खाली घसरलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी परत घेऊन या, रात्र असली तरी.